अमीनाबादची सहा मुलींची शाळा
मिस इझाबेला थोबर्न यांचे जीवन व कार्य

लखनौ शहरातील अमीनाबाद ही उत्तर भारतातील एक नामांकित बाजारपेठ आहे. अवधच्या राज्यातील वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून ह्या वस्तीला हे नाव मिळाले. चिकनचे भरतकाम केलेली वस्त्रे, अत्तरे, पुस्तके आणि खाद्यपदार्थ यांच्या दुकानांनी तेथील गल्ल्या गजबजलेल्या असतात. १८ एप्रिल १८७० रोजी ह्याच बाजारातील एका खोलीत अवघ्या सहा मुली धडे घेण्यासाठी येऊन बसल्या. खोलीच्या दाराशी बांबूचा जाड सोटा हाती घेऊन एक ख्रिस्ती मुलगा पहाऱ्यावर उभा होता. मुलींनी शिकावे हेच ज्यांना रुचत नव्हते असे लोक गडबड करतील, अशी रास्त भीती होती. सुदैवाने त्या सोट्याचा उपयोग करण्याची वेळ आली नाही.

ही शाळा उघडणाऱ्या बाई तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना ह्या देशात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांचे नाव मिस इझाबेला थोबर्न. त्या सहा मुलींच्या वर्गातून पुढे वसतिगृहासह मोठी शाळा उभी राहिली, शाळेतून महाविद्यालय निघाले, आणि त्या महाविद्यालयाने भारताला शिक्षिका, डॉक्टर, लेखिका व मंडळीच्या पुढारी स्त्रिया दिल्या. हे सारे घडण्यास किती वर्षे लागली आणि कोणत्या क्रमाने ते घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

बालपण व शिक्षण

इझाबेला यांचा जन्म २९ मार्च १८४० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सेंट क्लेअर्सव्हिल या गावाजवळ झाला. आईवडील आयर्लंडमधून येऊन तेथे स्थायिक झालेले शेतकरी होते. घरात दहा भावंडे; त्यांत इझाबेला नवव्या. घर श्रीमंत नव्हते, पण दानशूर होते. शेतावरील कर्जाचा शेवटचा हप्ता फेडून वडील घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन सोन्याची नाणी उरली होती. एक नाणे त्यांनी उपकारस्तुतीचे दान म्हणून मिशनकार्यासाठी बाजूला काढले आणि दुसरे पत्नीला हिवाळ्याच्या नव्या झग्यासाठी दिले. जुना झगा आणखी एक हिवाळा निघेल असे सांगून तिने आपलेही नाणे दानात घातले. अशा आईच्या छायेत ही मुलगी वाढली. इझाबेला दहा वर्षांच्या असताना वडिलांचे छत्र हरपले, आणि घराचा भार त्या माउलीने पेलला.

गावच्या शाळेतील शिक्षण झाल्यावर इझाबेला यांना व्हीलिंग येथील मुलींच्या विद्यालयात पाठवण्यात आले. त्या काळी अमेरिकेतही मुलींना उच्च शिक्षणाची दारे नुकतीच कोठे किलकिली होत होती. विधवा आईच्या कुटुंबातील मुलीला गाव सोडून शिकता आले, ही त्या वेळी सामान्य गोष्ट नव्हती. वयाच्या अठराव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या. शिक्षिका झाल्यावरही त्यांची शिकण्याची ओढ संपली नाही. सिनसिनाटी येथे एक वर्ष राहून त्यांनी चित्रकलेचाही अभ्यास केला. पुढे पेनसिल्व्हेनिया व ओहायो येथील शाळांत त्यांनी अध्यापन केले. शिकणारा मनुष्यच चांगले शिकवू शकतो, हा धडा त्या स्वतःच्या जीवनातून शिकल्या आणि हिंदुस्थानात आल्यावर तो त्यांनी कधी सोडला नाही.

आमराईतील पत्र

इझाबेला यांचे वडीलबंधू जेम्स मिल्स थोबर्न हे १८५९ मध्ये मेथोडिस्ट मिशनतर्फे हिंदुस्थानात आले होते. हेच पुढे बिशप थोबर्न म्हणून प्रसिद्ध झाले. उत्तर हिंदुस्थानात सुवार्ता सांगत फिरताना त्यांना एक अडचण पदोपदी जाणवत असे. पुरुष ऐकत, काही विश्वासही ठेवीत. परंतु घरातील स्त्रियांपर्यंत त्यांचा शब्द पोहोचत नसे. पडद्याआड परपुरुषाला प्रवेश नव्हता. ज्या घरात आई निरक्षर, त्या घरात मुलांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

१८६६ साली एका आमराईत त्यांचा मुक्काम पडला असता झाडावरील गिधाडाचे एक पीस खाली पडले. ते उचलून त्यांनी त्याची लेखणी केली आणि त्याच लेखणीने बहिणीला पत्र लिहिले. पत्राच्या ओघात, येथे येऊन मुलींच्या शाळेचा भार तू घेशील काय, असे त्यांनी तिला विचारले. परत टपालाने होकार आला. वाट मोकळी झाली की आपण येऊ, असे तिने कळवले होते.

परंतु वाट मोकळी होण्यास तीन वर्षे लागली. अविवाहित स्त्रीला परदेशात पाठवण्यास मेथोडिस्ट मिशन मंडळ त्या वेळी अनुकूल नव्हते. अखेर मार्च १८६९ मध्ये बॉस्टन शहरात भर पावसात जमलेल्या मूठभर स्त्रियांनी स्वतःच स्त्रियांची परदेशी मिशन संस्था स्थापन केली. हातात पैसा नव्हता. मिस थोबर्न यांना पाठवण्याचा विचार निघाला तेव्हा, पैशासाठी ही संधी दवडण्यापेक्षा आपण साध्या सुती कपड्यांत रस्त्याने फिरू, पण तिला पाठवू, असा निर्धार तेथे व्यक्त झाला. मिस थोबर्न यांच्याबरोबर डॉ. क्लारा स्वेन ह्या तरुण वैद्य स्त्रीची निवड झाली. एक शिक्षिका आणि एक डॉक्टर अशा दोघी ३ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कहून निघाल्या व ७ जानेवारी १८७० रोजी मुंबई बंदरात उतरल्या. डॉ. स्वेन बरेलीस गेल्या, मिस थोबर्न लखनौस.

मुंबईच्या ज्या भूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले, त्या आपल्या महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचे बी तोवर रुजले होते. मिस सिंथिया फॅरार यांनी आधी मुंबईत व पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले होते. त्यांचे नगरचे काम पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. लखनौमध्ये मात्र परिस्थिती निराळी होती. १८५७ चा प्रलय होऊन तेरा वर्षेच लोटली होती. जुनी नबाबी खालसा झाली होती, परदेशी माणसाविषयी संशय होता, आणि पडद्याची चाल मुंबई इलाख्यापेक्षा फार कडक होती.

सहकारी, लेखनिक नव्हे

लखनौस आल्यावर थोड्याच दिवसांत घडलेला एक प्रसंग पुढे स्वतः बंधू जेम्स यांनी मोकळ्या मनाने सांगितला आहे. त्यांनी आपली काही पत्रे बहिणीला नकलून काढावयास दिली. तिने ती आनंदाने नकलली. पुन्हा काही कागद पुढे आले तेव्हा, तुम्हाला एका नकलनविसाची गरज आहे, असे तिने शांतपणे सुचवले. त्यातील अर्थ भावाच्या तत्काळ ध्यानात आला. आपली बहीण आपली मदतनीस होण्यासाठी समुद्र ओलांडून आलेली नाही. तिला स्वतःचे पाचारण आहे, स्वतःचे काम आहे, आणि त्या कामात ती आपल्या बरोबरीची आहे, हे त्यांनी ओळखले. त्यानंतर तीस वर्षे ह्या भावंडांत अत्यंत प्रेमाचे व परस्परांच्या आदराचे नाते राहिले. ज्या बाईला मुलींना स्वतःच्या पायावर उभे करावयाचे होते, तिने प्रथम स्वतःचे स्थान नम्रतेने पण ठामपणे निश्चित केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाजारातून लाल बागेत

अमीनाबादची शाळा मुख्यत्वे ख्रिस्ती कुटुंबांतील मुलींसाठी होती. ह्याबद्दल त्या वेळी काहींना आश्चर्य वाटले असेल. सुवार्ता ऐकली नाही अशांना सोडून, ज्यांनी ती आधीच स्वीकारली त्यांच्या मुलींवर एवढे श्रम का घ्यावेत? मिस थोबर्न यांचे उत्तर स्पष्ट होते. ज्या मंडळीतील माता निरक्षर आहेत, ती मंडळी दुसऱ्या पिढीत दुबळी होते. ख्रिस्ती घरातील मुलगी शिकली तर ती आपल्या घराला उजळील आणि शेजारच्या बंद दारांपर्यंतही तीच पोहोचेल. परदेशी बाई जेथे वर्षानुवर्षे भाषा शिकून पाऊल टाकते, तेथे ह्या देशाची कन्या सहज जाऊ शकते.

बाजारातील जागा लवकरच अपुरी पडली. मिशनने लाल बाग नावाची प्रशस्त जागा विकत घेतली. अवधच्या शेवटच्या नबाबाच्या खजिनदाराची ती वाडी होती. बागेतील त्या मोठ्या घरात शाळा व वसतिगृह सुरू झाले आणि दूरदूरच्या गावांहून मुली राहण्यास येऊ लागल्या. लाल बाग हेच मिस थोबर्न यांचे अखेरपर्यंतचे घर झाले.

येथील जीवनाचे एक वैशिष्ट्य असे की हिंदी मुली आणि अँग्लो-इंडियन मुली एकाच छताखाली शिकत. राज्यकर्त्यांचा रंग आणि प्रजेचा रंग ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर मानण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुढे हिंदू व मुसलमान घराण्यांतील मुलीही येऊ लागल्या. शिकलेली मुलगी आपल्या लोकांपासून तुटू नये, अशी मिस थोबर्न यांची इच्छा असे. म्हणून शिक्षणाने मुलींना मेमसाहेब बनवणे त्यांना पसंत नव्हते. शाळेच्या कामातून वेळ काढून त्या शहरातील जनान्यांत व आसपासच्या खेड्यांत जात, आणि थोरल्या विद्यार्थिनींनाही सेवेची गोडी लावीत. फीबी रो ही त्यांची विद्यार्थिनी पुढे त्यांचीच सहशिक्षिका व नंतर खेडोपाडी सेवा करणारी साध्वी झाली. तिच्या मृत्यूनंतर मिस थोबर्न यांनी तिचे चरित्र लिहिले. गुरूने शिष्येचे चरित्र लिहावे, ही घटनाच बोलकी आहे.

शाळेपासून महाविद्यालयापर्यंत

मिस थोबर्न यांनी प्रारंभीच महाविद्यालयाची घोषणा केली नाही. एक इयत्ता पुरी करून मुलगी पुढे जाण्यास तयार झाली की तिच्यासाठी पुढची इयत्ता उघडावयाची, हा त्यांचा क्रम होता. प्राथमिक शाळांना शिक्षिका हव्या होत्या, म्हणून मुलींनी वरच्या वर्गापर्यंत शिकणे अगत्याचे झाले. वरच्या वर्गांना शिकवण्यासाठी पदवीधर स्त्रिया हव्या होत्या. त्या कोठून आणावयाच्या? किती दिवस अमेरिकेकडे डोळे लावून बसावयाचे? बरेलीस डॉ. स्वेन अनाथाश्रमातील मुलींना वैद्यकीचे शिक्षण देत होत्या. तशा कामासही भक्कम शालेय पाया लागत होता. अशा रीतीने गरजेनेच महाविद्यालयाचा मार्ग दाखवला.

विरोधही कमी नव्हता. मोजक्या मुलींसाठी एवढा खर्च कशाला, खेड्यातील मंडळ्यांना उपदेशक हवेत, पदवीधर मुली काय करणार, असे अनेकांना वाटे. अशा वेळी पहिला निर्णायक धक्का एका हिंदी ख्रिस्ती मातेकडून मिळाला. ती विधवा होती. तिच्या मुलीचे शालेय शिक्षण पूर्ण होत आले होते, आणि पुढील शिक्षणासाठी तिला दूर कलकत्त्यास, ख्रिस्ती वातावरणाबाहेर पाठवणे तिला नको होते. लखनौसच महाविद्यालय काढावे, म्हणून तिने ५०० रुपये देऊ केले. एका विधवेच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. ओहायोतील ज्या मातेने झग्याचे नाणे दानात घातले होते, तिच्या मुलीला ह्या दानाचे मोल कोणी सांगावयास नको होते.

१८८६ साली महाविद्यालयीन वर्ग सुरू झाला. ह्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळवली आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईंना शिक्षणासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागले, ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे लखनौच्या त्या लहानशा वर्गाचे महत्त्व ध्यानात येते. आशिया खंडातील स्त्रियांचे पहिले ख्रिस्ती महाविद्यालय म्हणून ह्या संस्थेची गणना केली जाते. आरंभी ते कलकत्ता विद्यापीठाशी व पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होते.

त्याच सुमारास प्रकृती खालावल्याने मिस थोबर्न यांना मायदेशी जावे लागले. विश्रांतीसाठी गेलेल्या ह्या बाईंनी तेथेही विश्रांती घेतली नाही. शिकागो व सिनसिनाटी येथे सेविका-भगिनींच्या, म्हणजेच डिकनेसांच्या, कार्याची उभारणी करण्यास त्यांनी हातभार लावला. १८९० मध्ये परत येऊन त्यांनी पुन्हा लाल बागेची धुरा खांद्यावर घेतली.

लीलावती सिंग

विद्यार्थिनी हीच शिक्षकाची खरी कमाई. मिस थोबर्न यांच्या विद्यार्थिनींत लीलावती सिंग यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८६८ साली गोरखपूर येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. बालपणीचे त्यांचे नाव एथेल राफाएल असे इंग्रजी वळणाचे होते. तरुणपणी त्यांनी स्वतः लीलावती सिंग हे भारतीय नाव धारण केले. लाल बागेत शिकून त्या तेथेच अध्यापिका झाल्या व महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय व तत्त्वज्ञान शिकवू लागल्या.

१८९९ मध्ये महाविद्यालयासाठी निधी जमवण्यास मिस थोबर्न अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांनी लीलावतींना बरोबर नेले. १९०० साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या सर्वमंडळीय मिशनरी परिषदेत लीलावतींनी हिंदी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची बाजू मांडली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन तेथे उपस्थित होते. आपण दहा लाख डॉलर मिशनकार्यास दिले असते आणि त्याचे फळ म्हणून ही एकच स्त्री पाहावयास मिळाली असती, तरी आपले धन सार्थकी लागले असे आपण मानले असते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. वीस वर्षे वाद घालून जे पटवता आले नसते, ते एका विद्यार्थिनीने व्यासपीठावर उभे राहून पटवले. पदवीधर मुलींचा उपयोग काय, ह्या प्रश्नाचे उत्तर लीलावती स्वतःच होत्या.

अखेरचे दिवस

१९०० साली मिस थोबर्न लखनौस परतल्या. कामाला नवा जोम आला होता. परंतु पुढच्याच वर्षी शहरात असलेल्या पटकीने त्यांना गाठले. आजार अगदी थोड्या वेळात विकोपास गेला आणि १ सप्टेंबर १९०१ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या प्रभूमध्ये निजल्या. ज्या शहराच्या बाजारात त्यांनी सहा मुलींना पहिला धडा दिला होता, त्याच शहराच्या मातीत त्यांचा देह विसावला.

त्यांच्या पश्चात महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. लीलावती सिंग यांनी अध्यापनाबरोबर जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या स्त्रीविभागातही मोठी जबाबदारी सांभाळली. १९०९ मध्ये शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे महाविद्यालय चांद बाग येथील विस्तीर्ण आवारात गेले व लखनौ विद्यापीठाशी जोडले गेले; शाळा लाल बागेतच राहिली. १९३९ साली कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास ह्या महाविद्यालयाच्या पहिल्या भारतीय प्राचार्य झाल्या. त्या येथीलच माजी विद्यार्थिनी होत्या. त्यांच्यानंतर १९४५ मध्ये प्राचार्यपदी आलेल्या सारा चक्को यांना १९५१ साली जागतिक मंडळी परिषदेच्या अध्यक्षमंडळात स्थान मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. उर्दू वाङ्मयातील इस्मत चुगताई, कुर्रतुलऐन हैदर आणि डॉक्टर व लेखिका रशीद जहाँ याही ह्याच महाविद्यालयात शिकल्या. ख्रिस्ती मुलींसाठी उघडलेल्या दारातून साऱ्या देशाच्या कन्या आत आल्या आणि साऱ्या देशाला त्याचा लाभ झाला.

आपल्यासाठी बोध

प्रिय वाचकहो, अमीनाबादच्या त्या खोलीपासून महाविद्यालयीन वर्गापर्यंत सोळा वर्षे लागली. ह्या सोळा वर्षांत कोणताही चमत्कार घडलेला दिसत नाही. दररोज वर्ग भरत होता, एकेक मुलगी पुढच्या इयत्तेत जात होती, आणि तिच्या पुढे आणखी एक इयत्ता असेल ह्याची काळजी एक बाई वाहत होती. मोहरीचा दाणा वाढतो तो असाच, दिवसेंदिवस, पाहणाऱ्याच्या नजरेत न भरता.

आज आपल्या मंडळीतील मुली शाळेत जातात, पुष्कळ जणी महाविद्यालयातही जातात. तरीसुद्धा दहावी-बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलेली मुलगी आपल्या ओळखीत नाही, असे किती जणांना म्हणता येईल? अशा मुलीसाठी मोठी संस्था स्थापन करण्याची गरज नसते. तिची वर्षाची फी, वसतिगृहातील जागा, पुस्तके, किंवा तिच्या आईवडिलांची समजूत घालणारा मंडळीतील एखादा वडीलधारा, एवढ्यानेही तिचे पुढचे वर्ष वाचू शकते. लखनौच्या त्या विधवा मातेने आपल्या ५०० रुपयांनी केवळ स्वतःच्या मुलीची सोय पाहिली. पण त्या दाराने पुढे किती मुली आत गेल्या हे आपण पाहिले. नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मंडळीने आपल्यातील अशा मुलींची नावे लिहून काढली, आणि त्यांतील एकीची तरी जबाबदारी उचलली, तर मिस थोबर्न यांचे स्मरण खऱ्या अर्थाने केल्यासारखे होईल.